मकर राशीच्या गावाला

दिवाळी अंक घरात आला की सर्वांत आधी कोणते पान उघडले जाते, हे संपादकांना न दुखावता सांगणे जरा कठीणच आहे. कथा सावकाश वाचल्या जातात, कवितांना तर कार्तिकी एकादशीपर्यंत वाट पाहावी लागते; पण राशिभविष्याच्या पानाला फराळाचे तुपकट बोट पहिल्याच दिवशी लागते. ज्यांचा ज्योतिषावर विश्वास आहे ते उघड उघड वाचतात आणि ज्यांचा नाही ते "बघू तरी, यंदा काय थापा मारल्या आहेत" असे म्हणून वाचतात. मी या दुसऱ्या वर्गातला. पण मला त्या पानावरच्या भविष्यापेक्षा त्यातल्या बारा चित्रांचेच नेहमी अधिक कुतूहल वाटत आलेले आहे.

तसे पाहिले तर या राशींतले प्राणी आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. मेंढा आणि बैल रस्त्यात आडवे येतात. खेकडा ही तर माझीच रास. तो मी दर रविवारी बाजारात टोपलीत पाहतो आणि मुकाट्याने पुढे जातो. सिंह लहानपणी सर्कशीत पाहिला, विंचू कोकणातल्या आजोळी पाहिला, आणि मीन राशीविषयी मुंबईकराला कोणी सांगायलाच नको. अडते ते मकरेपाशी. एका अंकात पाहावे तर बोकडाला माशाचे शेपूट लावलेले, दुसऱ्या अंकात सरळ मगर, तिसऱ्यात सोंड, सुळे आणि खवले असलेले काहीतरी, की जे पाहून चित्रकारालाच आधी विचारावे, "बाबा रे, हे काय आहे?"

हा प्रश्न आमच्या घरात निकडीचा होण्याचे कारण म्हणजे सौभाग्यवतींची रास मकर. अक्षर 'खे' आल्यामुळे त्यांचे जन्मनाव 'खेमा' ठेवण्यात आले, आणि ते पत्रिकेबाहेर कधीही येऊ नये अशी चोख व्यवस्था त्यांनी आजवर ठेवलेली आहे. (ते इथे छापले गेले आहे, हे अंक हाती पडेपर्यंत त्यांना कळायचे नाही.) त्यांची साडेसाती सुटली त्या दिवशी त्या म्हणाल्या, "ज्याच्या नावाने साडेसात वर्षे सोसले, तो प्राणी एकदा डोळ्यांनी पाहिला पाहिजे. शनीला पाहायला दुर्बीण मिळते. मकर कुठे मिळतो, ते तुम्ही शोधा."

निवृत्त माणसाला असे काम कोणी सांगितले म्हणजे तो आधी पुस्तकांकडे वळतो. मीही वळलो.

पुस्तकांतून जे हाती आले ते मोठे गमतीचे आहे. बारा राशींचे हे चक्र मूळचे बाबिलोनचे. तिथल्या लोकांनी आकाशातल्या या भागात अर्धा बोकड आणि अर्धा मासा असा प्राणी कल्पिला होता आणि गोड्या पाण्याचा देव जो इआ, त्याच्याशी त्याचे नाते जोडले होते. तो ग्रीकांनी उचलला आणि त्याला बोकडाच्या शिंगांवरून नाव दिले. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत यवनांचे ज्योतिष आपल्याकडे आले, त्याबरोबर हा शिंगाळा मासाही आला. सहाव्या शतकातला वराहमिहिर आपल्या बृहज्जातकात राशींची यवनी नावेसुद्धा देतो; त्यात मकरेचे नाव 'आकोकेर' असे आहे. ग्रीक 'ऐगोकेरोस'चे हे आपल्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेले रूप.

परंतु आपल्या लोकांनी हा पाहुणा जसाच्या तसा घरात घेतला नाही. आपल्याकडे पाण्यातला एक अद्भुत प्राणी आधीपासूनच होता. मकर गंगेचे वाहन, मकर वरुणाचे वाहन, मकर मदनाच्या ध्वजावर, आणि पंढरीच्या विठोबाच्या कानांत मकरकुंडले. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत माशांमध्ये आपण मकर आहोत असे सांगतात. बिहारातल्या बराबरच्या डोंगरात लोमश ऋषीची म्हणून जी गुहा आहे, तिच्या दारावरच्या कमानीत हत्तींची रांग कोरलेली असून तिच्या दोन्ही टोकांना मकर आहेत. ही गुहा मौर्यकाळातली, म्हणजे राशी भारतात येण्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा परका बोकड दाराबाहेर थांबला आणि घरचा मकर त्याच्या पाटावर बसला. वराहमिहिराने मात्र पाहुण्याची थोडी आठवण ठेवली आहे: त्याच्या वर्णनातल्या मकराचे तोंड मृगाचे आहे.

हे सगळे ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "हे झाले आडनाव-गोत्र. मुलगा दाखवा."

आणि आम्ही निघालो.

पहिला मुक्काम वेरूळ. छत्रपती संभाजीनगरहून मोटारीने तासाभराच्या आत माणूस तिथे पोहोचतो, आणि बहुतेक मंडळी कैलास लेण्याकडे धावत सुटतात. आम्ही आधी एकविसाव्या लेण्याकडे वळलो. ते साधारण सहाव्या शतकातले, शिवाचे. त्याच्या दर्शनी बाजूलाच गंगा उभी आहे. कमरेत किंचित झुकलेली, इतकी सहज उभी की पाणी भरायला आलेली कोणी मुलगी दोन घटका बोलत थांबावी तशी. आणि तिच्या पायांखाली मकर!

आम्ही बराच वेळ त्या मकराचेच निरीक्षण करीत होतो. जबडा मगरीचा, अंग गुबगुबीत, वरचा ओठ सोंडेसारखा वर वळलेला, आणि मागे शेपटी असावी तिथे वेलबुट्टी. कैलास लेण्याच्या अंगणात गंगा, यमुना आणि सरस्वती यांचे छोटे देवघर आहे. तिथेही गंगा मकरावर, यमुना कासवावर आणि सरस्वती कमळावर. सौभाग्यवतींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, "हा तर आमच्या आजीच्या मकरमुखी तोड्यांवरचा. पण हा कोणी पाहून केलेला नाही. ऐकून केलेला आहे."

मला हे म्हणणे पटले. शिल्पकार सह्याद्रीच्या कातळात बसून गंगेच्या प्राण्याची मूर्ती घडवीत होता. गंगा त्याने पाहिलीही नसेल. उत्तरेकडून येणाऱ्या साधूने, व्यापाऱ्याने सांगितले असेल: लांब तोंड, तोंडाच्या टोकाशी काहीतरी उंच, दात मोजवत नाहीत, पाण्यात माशासारखा आणि जमिनीवर पायांनी चालणारा. शिल्पकाराला लांब तोंडाचा एकच प्राणी ठाऊक होता, तो म्हणजे हत्ती. त्याने सोंड दिली आणि काम भागवले. विद्वानांनीही या मकरात मगर, सुसर, नदीतला डॉल्फिन, हत्ती, इतकेच काय समुद्रगाईसुद्धा ओळखली आहे. तेव्हा ज्याच्या ऐकीव वर्णनावरून हे सारे घडले, तो मूळ प्राणी जिथे अजून जिवंत आहे तिथेच जायचे ठरले. असे ठिकाण आज मुख्यतः एकच उरले आहे. ते म्हणजे चंबळ.

चंबळ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी येतात. एक, उत्तरेकडे निघालेल्या पेशव्यांच्या फौजा, आणि दुसरी, सिनेमातले दरोडेखोर. या दुसऱ्या गोष्टीमुळे आमच्या चिरंजीवांनी बराच विरोध केला. पण तो काळ मागे पडला आहे. १९६० साली आपले विनोबा या भागातून पायी हिंडले आणि काही दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. पुढे १९७२ साली जयप्रकाशजींच्या समोर मुरैना जिल्ह्यातल्या जौरा येथे मोठे शरणागतीसत्र झाले. आता तिथे गेलेल्या प्रवाशाचे फार तर पैसे जास्त घेतले जातात, आणि ते कुठे घेतले जात नाहीत?

दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरात पंजाब मेलने निघालो. दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेर मागे पडले आणि उन्हे कलताना मुरैना आले. स्टेशनाबाहेर पाऊल टाकले तो तिळाचा खमंग वास! मुरैन्याची गजक प्रसिद्ध आहे. तीळ आणि गूळ कुटून कुटून केलेली, जिभेवर विरघळणारी वडी. मकर राशीच्या गावाला तिळगूळ बारा महिने मिळतो, हे पाहून सौभाग्यवतींनी हा शुभशकुन मानला आणि दोन डबे घेतले. त्यातला एक मुंबईपर्यंत पोहोचला.

सकाळी थंडीत राजघाटावर गेलो. इथे मध्य प्रदेश आणि राजस्थान यांच्या मधून चंबळ वाहते. पलीकडे धौलपूर. दोन्ही तीरांवर मातीच्या घळींचे जंगल, त्यांना इकडे बेहड म्हणतात. पण खाली नदी पाहावी तर इतकी स्वच्छ आणि निळी की, उत्तर हिंदुस्थानातल्या नदीविषयी आपली जी कल्पना असते ती क्षणात पुसून जाते. तिच्या तीरावर तीर्थक्षेत्रे जवळजवळ नाहीत. ही नदी शापित आहे, अशी लोकांची समजूत आहे. रंतिदेव राजाच्या यज्ञातल्या पशूंच्या चामड्यांतून ती निघाली म्हणून तिचे नाव चर्मण्वती, अशी महाभारतातली कथा. आणि द्रौपदीने तिला शाप दिला, अशी गावोगावची कथा. त्या शापानेच तिला वाचवले म्हणायचे. जिची पूजा झाली त्या नद्यांचे काय झाले, ते आपण पाहतोच आहोत.

आमचा नावाडी साठीच्या घरातला, काटक, डोक्याला मफलर गुंडाळलेला. नाव पाण्यात लोटून त्याने विचारले, "माताजी, मगर पाहायची की घडियाल?"

सौभाग्यवती म्हणाल्या, "मकर पाहायचा आहे."

तो हसला. "ते काय असते ते ठाऊक नाही. आमच्याकडे आहे ते दाखवतो."

अर्ध्या तासाने पहिली पुळण आली. वाळूवर ओंडके पडले होते. नावाड्याने वल्ही थांबवली, तशी त्यातल्या एका ओंडक्याने जबडा उघडला आणि तो तसाच उघडा ठेवून दिला. ती मगर. रुंद तोंड, खडबडीत पाठ, आणि चेहऱ्यावर कर्ज वसूल करायला आलेल्या पठाणाचा निवांतपणा. 'मगर' हा शब्द 'मकर' शब्दाचाच मुलगा. तेव्हा नावापुरता तरी शोध इथे संपायला हरकत नव्हती. पण जरा पुढे गेलो आणि नावाडी हळूच म्हणाला, "तो पाहा. घडियाल."

वाचकहो, मी बऱ्यापैकी जनावरे पाहिली आहेत, पण असे जनावर पाहिले नव्हते. पंधरा-सोळा फूट लांब देह, ओलसर सोनेरी-हिरवा. तोंड चिमट्यासारखे लांब आणि अरुंद, त्यात शंभरावर बारीक दात, आणि त्या तोंडाच्या अगदी टोकाला नाकावर मडक्यासारखा एक गोळा! नराला वयात आल्यावर हा गोळा येतो. इकडे मडक्याला घडा म्हणतात, म्हणून हा घडियाल. श्वास सोडताना तो त्यातून आवाज घुमवतो. त्याने मान उचलली आणि ते लांब तोंड आपल्या मडक्यासकट आकाशाकडे वळवले, तेव्हा मला वेरूळच्या गंगेपायीची ती वर वळलेली सोंड आठवली. मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पदर नीट केला आणि नकळत हात जोडले.

तेवढ्यात त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. घडियालाच्या शेजारी, त्याच वाळूवर, चार-पाच कासवे माना वर काढून ऊन खात होती. चंबळ पुढे यमुनेला मिळते, यमुना प्रयागला गंगेला. देवळाच्या दाराशी एका बाजूला मकरावर गंगा आणि दुसऱ्या बाजूला कासवावर यमुना उभी करणाऱ्यांनी उगाच कल्पना लढवलेल्या नव्हत्या. दोघींची वाहने इथे एकाच वाळवंटात ऊन खात पडली होती, आणि दोघीजणी कुठे कामाला गेल्यासारख्या दिसत नव्हत्या. आणखी एक योग असा, की वराहमिहिर उज्जयिनीचा. उज्जयिनीची क्षिप्रा याच चंबळेला येऊन मिळते.

घडियाल मासे खातो. माणसाच्या वाटेला जात नाही. तरीही कातड्यासाठी, अंड्यांसाठी आणि जाळ्यांत सापडून तो इतका मारला गेला की, १९७० नंतरच्या काही वर्षांत मोकळ्या नद्यांत दोनशेच्या आत मोठे घडियाल उरले असा अंदाज होता. १९७५ साली सरकारने मगर-प्रकल्प हाती घेतला. १९७८-७९ मध्ये तीन राज्यांनी मिळून चंबळेचा सुमारे चारशे किलोमीटरचा पट्टा अभयारण्य केला. मुरैन्याजवळ देवरी येथे घडियालांचे पाळणाघर आहे, तेही आम्ही पाहिले. वाळवंटातली काही अंडी आणून तिथे उबवतात, पिल्ले सुमारे चार फुटांची होईपर्यंत वाढवतात आणि मग नदीत सोडतात. कारण नदीत जन्मलेल्या शंभर पिल्लांतली एक-दोनच मोठी होतात. आज चंबळेत दोन हजारांवर घडियाल मोजले जातात. हे मोठे यश आहे, यात शंका नाही. पण २००७ च्या डिसेंबरपासून अवघ्या तीन महिन्यांत नदीच्या खालच्या भागात शंभरावर घडियाल मरून तीरावर लागले. मूत्रपिंडे निकामी झालेली होती. विषबाधेचा संशय होता. पण नेमके कारण शेवटपर्यंत ठरले नाही.

परत फिरताना नावाड्याने एका रुंद पुळणीकडे बोट दाखवले. "चैत्रात माद्या इथे येतात. रात्री वर चढून वाळू उकरतात आणि अंडी घालतात. जूनमध्ये पिल्ले निघाली की नर राखण करतो. पाठीवर पिल्लांचे गाठोडे घेऊन बसतो."

पुळणीच्या वरच्या अंगाला मात्र ट्रॅक्टरच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या उमटल्या होत्या. अभयारण्यात वाळू काढायला बंदी आहे. पण शहरांना घरे हवीत, घरांना वाळू हवी, आणि चंबळेची वाळू चांगली. रात्री ट्रॅक्टर उतरतात. या जिल्ह्यातली खाणमाफियांची दहशत काही थोडीथोडकी नाही. २०१२ च्या मार्चमध्ये बेकायदा दगड नेणारा ट्रॅक्टर अडवायला गेलेला एक तरुण पोलीस अधिकारी त्याच ट्रॅक्टरखाली चिरडला गेला.

"हे कोण करते?" सौभाग्यवतींनी विचारले.

नावाडी थोडा वेळ वल्ही मारीत राहिला. मग म्हणाला, "दुसरे कोण करणार, माताजी? आमचीच पोरे. माझा धाकटा ट्रॅक्टरवर आहे."

नावेत कोणीच बोलेना. पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"तुम्ही त्याला काही सांगत नाही?"

"सांगतो ना. तो म्हणतो, बाबा, तुमची नाव चार महिने चालते. बाकीचे आठ महिने घर काय घडियाल चालवणार?" मग जरा थांबून म्हणाला, "त्याला म्हटले, बाकी नदी तुझी, मी काही बोलत नाही. पण चैत्रापासून पाऊस पडेपर्यंत ही एक पुळण सोड. तो 'हो'ही म्हणाला नाही आणि 'नाही'ही म्हणाला नाही."

उतरताना सौभाग्यवतींनी त्याला गजकेचा उघडलेला डबा दिला, आणि आमचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून दिला. "जूनमध्ये कळवा," एवढेच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी मोटारीने आग्रा जिल्ह्यातल्या बाह गावाकडे, नदीच्या खालच्या अंगाला गेलो. तिथे दुसऱ्या नावेतून जाताना पाण्यात 'फुस्' असा आवाज झाला, एक करडी पाठ चमकली आणि बुडाली. नावाडी ओरडला, "सूंस!" हा गंगेचा डॉल्फिन, जवळजवळ आंधळा, आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढणारा. २००९ साली त्याला राष्ट्रीय जलचर ठरवण्यात आले. संस्कृतात तो शिशुमार. गंमत अशी, की याच शिशुमारापासून हिंदीत सूंस झाली आणि मराठीत सुसर! उत्तरेतला डॉल्फिन दक्षिणेकडे चालत येईपर्यंत मगरीच्या घरात शिरला. नावांची अदलाबदल ज्या पाण्यात इतकी झाली, तिथे बिचाऱ्या मकराला तेवढे एकच तोंड असावे असा आग्रह धरणे बरे नव्हे.

त्या रात्री मुक्कामाच्या गच्चीवरून आकाश पाहिले. मुंबईत मकर रास दिसत नाही. तिच्यात एकही ठळक तारा नाही. पण दिवाळीच्या सुमारास, काळोख्या गावात, संध्याकाळ सरल्यावर श्रवणाच्या तेजस्वी ताऱ्याखाली दक्षिणेकडे नजर उतरवीत न्यावी. फिकट ताऱ्यांचा एक पसरट त्रिकोण दिसतो, उलट्या टोपीसारखा. तीच मकर. संक्रांतीला ती दिसायची नाही, कारण तेव्हा सूर्यच तिच्या अंगणात आलेला असतो. "इतकीशीच?" सौभाग्यवती म्हणाल्या, पण थंडीत बराच वेळ उभ्या राहिल्या.

खरे तर प्रवास इथे संपायचा. पण गोव्यातल्या आमच्या एका स्नेह्यांना हे सारे कळले आणि त्यांनी कळवले, "वहिनींना म्हणावे, मगर पाहिलीत; आता तिची पूजा पाहायला या. पौषी अमावास्येला." ती अमावास्या संक्रांतीनंतर चारच दिवसांनी होती. हातावरचा हलवाही संपला नव्हता.

मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आहे. त्यातल्या खाऱ्या पाण्यात मगरी राहतात. जुन्या गोव्याच्या बेटावर शत्रूने येऊ नये आणि गुलामांनी पळू नये म्हणून त्या मुद्दाम सोडल्या, अशी दंतकथा सांगतात. याच परिसरात फोंडा तालुक्यातल्या दुर्भाट, बोरी या बाजूला खाजनजमिनी आहेत. भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि आत भात पिकवायचे, अशी ही शेकडो वर्षांची शेती. बांध फुटला तर शेतात मीठ शिरते आणि पुढची काही वर्षे पीक बुडते. त्या बांधावर माणसाचा पोटापाण्याचा हक्क, आणि बांधाखालच्या पाण्यावर मगरीचा. कोकणीत तिला 'मानगें' म्हणतात, आणि या दिवसाला 'मानगेंथापणी'.

आम्ही गेलो तेव्हा ओहोटी लागली होती. गावातले चार-सहा पुरुष खाजनातला चिखल काढून त्याची मगर थापीत होते. ती हा हा म्हणता आकाराला आली. अंगावर तिसऱ्यांच्या शिंपल्या, जबड्यात काटक्यांचे दात, पाठीवर फुले आणि कुंकू, पोटात एक अंडे. मग नारळ, नैवेद्य आणि गाऱ्हाणे: आमच्या माणसांना, गुरांना धक्का लावू नको, बांध सांभाळ, आम्हीही तुझ्या वाटेत येणार नाही. मी जाणकारपणाने म्हणालो, "सुसरबाई, तुझी पाठ मऊ!" सौभाग्यवतींनी माझ्याकडे असे पाहिले की मी गप्प झालो.

"म्हण आपली आहे," त्या नंतर म्हणाल्या, "पण ती एकदाच नदी ओलांडून जाणाऱ्याची आहे. यांना रोज तिच्याच काठाने जायचे आहे. ही खुशामत नव्हे, करार आहे. चंबळेत तो म्हातारा एकटाच करार करायला निघाला आहे, आणि तोही आपल्या पोराशी."

काठावर बसून आम्ही भरतीची वाट पाहिली. पाणी चढत आले, चिखलाच्या मगरीच्या पायांना लागले, मग पोटाला. लोक केव्हाच घरी गेले होते. अंधार पडेपर्यंत फक्त पाठीवरच्या शिंपल्या दिसत होत्या.

ज्यांना जायचे असेल त्यांनी वेरूळला केव्हाही जावे, चंबळेवर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे आणि गोव्याला जाताना पंचांग पाहून जावे. मकर कुठे सापडतो, असे विचाराल तर मी या तिन्ही गावांची नावे सांगेन. दगडातला आहे तो कोणी पाहिला नसेल; चिखलातला दरवर्षी नवा करावा लागतो. नदीतला मात्र एकदा गेला, तर तो पुन्हा थापता येणार नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी दूरध्वनी वाजला. मुंबईत नुकताच पाऊस सुरू झाला होता. पलीकडून नावाडी मोठमोठ्याने बोलत होता. पिल्ले निघाली होती. पुळण अर्धी राहिली होती, अर्धी गेली. मुलाविषयी सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "अर्धी राहिली ना, माताजी," आणि थांबला. मग म्हणाला, "ऐका, पिल्ले ओरडताहेत," आणि त्याने यंत्र बहुधा पाण्याच्या दिशेने धरले.

सौभाग्यवती बराच वेळ कानाला लावून उभ्या होत्या. मी विचारले, "काय ऐकू येते आहे?"

"वारा," त्या म्हणाल्या, आणि हाताने मला गप्प राहण्याची खूण केली.